मराठवाड्यात काही महिन्यांचा मुक्काम असताना गाडी भाड्याने कशी घ्यावी

नोकरीनिमित्त परदेशात किंवा दूरच्या शहरात राहणारी माणसे मराठवाड्यातील गावी येतात, तेव्हा हल्ली आठ दिवसांच्या सुट्टीसाठी कमी आणि तीन-चार महिन्यांच्या मुक्कामासाठी अधिक येतात. कधी आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया असते, कधी वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर वारसनोंद करून घ्यायची असते, कधी घरातले लग्न असते आणि त्याच्या मागेपुढे जुन्या वाड्याचे काम काढलेले असते. एसटी आजही गावोगाव पोहोचते. परंतु नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला घेऊन बसस्थानकावर उभे राहता येत नाही, आणि तालुक्याच्या कचेरीत साहेब दुपारी चारनंतर भेटणार असतील तर परतीची शेवटची गाडी निघून गेलेली असते. अशा मुक्कामात दर फेरीला वेगळी गाडी ठरवणे महाग पडते आणि मनस्तापाचेही होते, म्हणून काही महिन्यांसाठी एकच गाडी भाड्याने घेणे शहाणपणाचे असते.

वडिलांच्या आजारपणात मी अंबाजोगाईला पाच महिने राहिलो. त्या वेळी पहिली गाडी मी एका ओळखीच्या गृहस्थांकडून घेतली. गाडी चांगली होती, पाटी पांढरी होती, व्यवहार तोंडी होता आणि दरमहा पैसे रोख द्यायचे ठरले होते. दुसऱ्याच महिन्यात लातूरच्या रस्त्यावर वळण घेणाऱ्या एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला आमच्या गाडीचा पुढचा भाग घासला. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. मात्र विम्याच्या पाहणीसाठी आलेल्या माणसाने गाडी कोणाची, चालवत कोण होते आणि कोणत्या नात्याने, हे विचारले, तेव्हा खरे सांगितले तर विमा मिळणार नव्हता आणि खोटे सांगण्याची माझी तयारी नव्हती. दुरुस्तीचा सगळा खर्च मी दिला, तरी त्या घराशी असलेला आमचा दोन पिढ्यांचा घरोबा पूर्वीसारखा राहिला नाही. आपल्या भागात गाडी बहुधा ओळखीतूनच मिळते, आणि ओळखीच्या माणसाकडे कागद मागणे हा त्याच्यावरचा अविश्वास समजला जातो. हा समज सोडून देणे ही या कामाची पहिली पायरी आहे, असे मी त्या अनुभवानंतर मानू लागलो.

पाटीचा रंग आधी पाहावा

पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असलेली गाडी खासगी वापराची असते. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असलेली गाडी प्रवासी वाहतुकीच्या परवान्याची असते आणि ती चालकासह भाड्याने मिळते. आपल्याकडे तिला टी-परमिटची गाडी म्हणतात. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतील तर ती गाडी भाडेकरूने स्वतः चालवण्यासाठी देण्याचा परवाना असलेल्या व्यवसायाची असते. केंद्र सरकारच्या १९८९ च्या रेंट अ कॅब योजनेखाली असे व्यवसाय चालतात. विजेवर चालणाऱ्या गाड्यांची पाटी हिरवी असते.

पांढऱ्या पाटीची गाडी भाऊबंदाने किंवा मित्राने विनामोबदला वापरायला दिली, तर त्यात गैर काही नाही. चालवणाऱ्याकडे वैध परवाना असला म्हणजे तिचा विमाही लागू राहतो. मात्र तिच्यासाठी भाडे दिले-घेतले की चित्र बदलते. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत भाड्यासाठीचा वापर स्पष्टपणे वगळलेला असतो, त्यामुळे गाडीच्या नुकसानीची भरपाई नाकारली जाऊ शकते, आणि अपघातात तिसऱ्या कोणाला इजा झाली तर विमा कंपनीने दिलेली रक्कम पुढे मालकाकडून वसूल केली जाऊ शकते. शिवाय परवान्याविना वाहतूक करण्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२-अ नुसार पहिल्या गुन्ह्यालाही १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे, आणि ती केवळ मालकापुरती नसून गाडी चालवणाऱ्यालाही लागू होते. ‘सगळेच देतात, काही होत नाही’ असे गावात सांगितले जाईल, आणि बहुतेक दिवस खरोखरच काही होत नाही. परंतु ज्या दिवशी काही होते, त्या दिवसासाठीच विमा असतो.

काळ्या पाटीच्या गाड्या मराठवाड्यात मुबलक नाहीत. छत्रपती संभाजीनगरला त्या मिळण्याची शक्यता असते. परभणी, हिंगोली किंवा बीडला शोधत बसण्यापेक्षा विमानाने किंवा रेल्वेने ज्या मोठ्या शहरात उतरणार आहात तिथेच, म्हणजे पुणे, मुंबई किंवा हैदराबादला, करार करून गाडी गावी आणणे सोपे जाते. नांदेड, देगलूर आणि उदगीरच्या माणसांना तर मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी सोयीचे आहे. पिवळ्या पाटीची गाडी मात्र जिल्ह्याच्या, किंबहुना तालुक्याच्या ठिकाणीही चालकासह मिळते.

गाडीचा नंबर कळताच एम-परिवहन ॲपवर तो टाकून पाहावा. वाहनाचा वर्ग, विम्याची मुदत, पीयूसी आणि वाहतूक वाहन असल्यास फिटनेस प्रमाणपत्राची तारीख तिथे दिसते. ही मुदत आपल्या मुक्कामाच्या मधल्या कोणत्याही महिन्यात संपत असेल, तर नूतनीकरण कोण करणार आणि त्या दिवसांत दुसरी गाडी कोण देणार, हे आधीच विचारून घ्यावे. आठ वर्षांपर्यंतच्या वाहतूक वाहनाचे फिटनेस दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी होते, त्यामुळे जुन्या गाडीच्या बाबतीत हा प्रश्न हटकून येतो. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर जुना दंड थकलेला आहे का, हेही त्याच बैठकीत पाहून त्या पानाची प्रत जपून ठेवावी.

स्वतः चालवावी की चालकासह घ्यावी

याचे उत्तर माणसागणिक बदलते, तरी माझे मत स्पष्ट आहे. घरात रुग्ण असेल आणि रात्री-अपरात्री निघण्याची वेळ येऊ शकत असेल, तर चालकासह गाडी घ्यावी. काळजीत असलेल्या मुलाने किंवा मुलीने आईला मागे झोपवून स्वतः गाडी हाकणे चांगले नाही, आणि रुग्णालयाच्या दारात गाडी लावायला जागा शोधताना तर ते अगदीच जमत नाही. कामे कचेरीची, शेताची आणि नातेवाइकांच्या भेटीची असतील, तर स्वतः चालवणे स्वस्त पडते आणि मोकळेपणाही राहतो.

स्वतः चालवायची तर आधी आपला परवाना पाहावा. देश सोडताना काढलेला भारतीय परवाना अनेकांच्या कपाटात असतो आणि तो चालू आहे असे ते गृहीत धरतात. मुदत संपून एक वर्ष उलटले असेल, तर नूतनीकरणासाठी पुन्हा वाहन चालवण्याची चाचणी द्यावी लागते. वर्षाच्या आत असेल तर चाचणीविना काम होते, आणि मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. अर्ज सारथी परिवहन संकेतस्थळावर होतो. परदेशी परवाना असलेल्यांनी आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना सोबत आणावा. तो ज्या देशाचा मूळ परवाना आहे त्याच देशात मिळतो, येथे उतरल्यावर काढता येत नाही, त्यामुळे विमानाच्या तिकिटाबरोबरच त्याचीही व्यवस्था करावी.

भाड्याची गाडी चालवायला वेगळा बॅज लागतो काय, अशी शंका पुष्कळांना असते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालानुसार हलक्या मोटार वाहनाचा साधा परवाना असलेला माणूस ७,५०० किलोपेक्षा कमी वजनाचे वाहतूक वाहनही चालवू शकतो. भाड्याने मिळणाऱ्या सर्व छोट्या गाड्या या मर्यादेत बसतात.

विम्याविषयी आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. पॉलिसीसोबत येणारा १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा हा मालक-चालकासाठी असतो. भाडेकरू म्हणून स्टिअरिंगवर आपण बसलो असलो, तर तो आपल्यासाठी नसतो. आपला स्वतंत्र अपघात विमा नसेल तर मुक्कामापुरता तो काढून घ्यावा.

चालकासह गाडी घेतली तर चालकाची व्यवस्था हा स्वतंत्र विषय होतो. तो त्याच गावचा असेल तर रात्री घरी जातो. बाहेरगावचा असेल तर त्याचे जेवण, झोपण्याची जागा आणि बाहेर मुक्काम पडल्यास मिळणारा भत्ता लिहून घ्यावा. आठवड्यातली एक सुट्टी त्याला द्यावी, आणि पोळा, दिवाळी किंवा त्याच्या गावची जत्रा असेल तेव्हा बदली चालक मालकाने पाठवावा, असेही ठरवून ठेवावे. दिवसभर हिंडलेल्या माणसाला रात्री दहा वाजता पुन्हा पुण्याला निघायला सांगू नये. तो ‘चालतंय की, दादा’ म्हणून निघेलही, कारण त्याला नाही म्हणण्याची सवय नसते. म्हणून हा विचार आपणच करायला हवा. चालक सहसा महिनाभरातच घरातला होऊन जातो, रुग्णाला हात धरून उतरवतो, औषधे आणून देतो. त्याची उचल मात्र मालकाला विचारल्याशिवाय परस्पर देऊ नये, कारण शेवटच्या हिशोबात तिचा वाद होतो.

भाड्याचा हिशोब

मासिक भाड्याचा आकडा ऐकून निर्णय घेऊ नये. खरा खर्च किलोमीटरच्या मर्यादेत, इंधनात आणि ‘गॅरेज टू गॅरेज’ या शब्दांत दडलेला असतो. गॅरेज टू गॅरेज म्हणजे गाडी मालकाच्या दारातून निघाली की मोजणी सुरू आणि ती परत तिथे पोहोचली की बंद. छत्रपती संभाजीनगरहून अंबाजोगाईला गाडी मागवली, तर आपण बसण्याआधीच दोनशेहून अधिक किलोमीटर मीटरवर पडलेले असतात, आणि परतीचेही तेवढेच पडतात.

एक उदाहरण घेऊ. यातील दर केवळ समजण्यासाठी आहेत. समजा, भाडे दरमहा ३०,००० रुपये आहे, मर्यादा २,००० किलोमीटर आहे आणि त्यापुढे प्रत्येक किलोमीटरला १२ रुपये द्यायचे आहेत. आठवड्यातून दोनदा अंबाजोगाईहून लातूरला उपचारासाठी जाऊन येणे म्हणजे महिन्याला सुमारे ९६० किलोमीटर होतात. परळी, केज आणि गावातल्या फेऱ्यांचे ३०० धरावेत, आणि छत्रपती संभाजीनगरची एक फेरी सुमारे ४४० ची. एकूण १,७०० झाले, म्हणजे मर्यादेत बसले. मात्र त्याच महिन्यात ८०० किलोमीटरचा एखादा प्रवास निघाला तर एकूण २,५०० होतात आणि ६,००० रुपये जादा द्यावे लागतात. याउलट पुढच्या महिन्यात रुग्णाला विश्रांती सांगितली आणि गाडी ९०० किलोमीटरच फिरली, तर उरलेले किलोमीटर वाया जातात. म्हणून मर्यादा दरमहा न ठेवता संपूर्ण मुदतीसाठी एकत्र मागावी: चार महिन्यांचे मिळून ८,००० किलोमीटर. मालक सहसा यावर फारशी खळखळ करत नाहीत, परंतु आपण मागितल्याशिवाय स्वतःहून ते कधीच देत नाहीत.

इंधन आपले असेल, तर मालकाने सांगितलेल्या ॲव्हरेजवर विसंबू नये. १८ च्या ॲव्हरेजने १,७०० किलोमीटरला सुमारे ९५ लिटर लागतात; एसी सतत चालू, रस्ता खराब आणि ॲव्हरेज १५ वर आले, तर ११३ लिटर. सीएनजीची गाडी शहरात स्वस्त पडते, पण मराठवाड्यातील सगळ्या तालुक्यांना अजून पंप नाहीत आणि जिथे आहेत तिथे रांग लागू शकते. शिवाय टाकीमुळे डिकीत चाकाची खुर्ची मावत नाही. रुग्णासाठी गाडी घेणाऱ्याने हे आवर्जून पाहावे.

टोलसाठी गाडीवर फास्टॅग असतो; तो मालकाच्या खात्याचा असेल तर दर महिन्याला त्याचे विवरण मागून रक्कम चुकती करावी. फास्टॅगचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाला आहे (सुरुवातीला तो ३,००० रुपयांना होता), तो केवळ खासगी, अव्यावसायिक गाड्यांसाठी आहे, त्यामुळे पिवळ्या किंवा काळ्या पाटीच्या गाडीवर ‘पास आहे, टोल लागणार नाही’ असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. भाड्याच्या आकड्यात जीएसटी धरलेला आहे की तो वर लागणार आहे, हेही विचारावे.

करार ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करून नोटरी करून घ्यावा. त्यात भाडे, मर्यादा, अनामत रक्कम, ती परत करण्याची मुदत, देखभालीचा खर्च कोणाकडे, आणि अपघात झाल्यास विम्यात न बसणारी रक्कम कोण देणार, हे असावे. टायर पंक्चर आपले, सर्व्हिसिंग आणि इंजिनाचे काम मालकाचे, अशी वाटणी रास्त आहे. अनामत बँकेतून किंवा यूपीआयने द्यावी. ओळखपत्राच्या प्रतीवर ‘केवळ गाडी भाड्याने घेण्यासाठी’ असे लिहून तारीख व सही करावी, आणि मूळ पासपोर्ट कोणाकडेही ठेवू नये.

मराठवाड्यापुरते एक कलम करारात असायलाच हवे. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि एकेका मुहूर्ताच्या दिवशी गाडीला महिन्याच्या भाड्याच्या मानाने कितीतरी अधिक पैसे मिळतात. अशा वेळी ‘सर्व्हिसिंगला न्यायची आहे, परवा आणून देतो’ असा निरोप येतो आणि नेमकी त्याच दिवशी रुग्णालयाची तारीख असते. मुदतीत गाडी परत मागवता येणार नाही, आणि दुरुस्तीसाठी न्यावी लागली तर त्याच दर्जाची दुसरी गाडी त्याच दिवशी द्यावी लागेल, असे स्पष्ट लिहून घ्यावे.

ताब्यात घेताना आणि चालवताना

गाडी भर दुपारी, उजेडात ताब्यात घ्यावी आणि चारही बाजू, छत, काचा, आतील आसने व मीटरचा आकडा यांचे व्हिडिओ चित्रण मालकासमोर करावे. टायरच्या बाजूला चार अंकी निर्मितीखूण असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक दिसली तरी असा जुना टायर आपल्या उन्हाळ्यात भरवशाचा नसतो, आणि समृद्धी महामार्गावर जायचे असेल तर अजिबात नको. स्टेपनीत हवा आहे का, जॅक आणि पाना आहे का, हे डिकी उघडून पाहावे. मार्च उजाडण्यापूर्वी एसी, बॅटरी आणि कूलंट यांची तपासणी करून घ्यावी. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बिघडलेल्या एसीसह रुग्णाला नेणे क्लेशाचे होते.

पावसाळ्यात काळ्या रेगडीचा रस्ता पाहून गाडी घालावी. शेतापर्यंत जाणे हे मुक्कामाचे मुख्य काम असेल, तर बुटकी सेदान न घेता उंच गाडी घ्यावी, आणि तरीही पाऊस पडून गेल्यावर पाणंद रस्त्यावर ती नेऊ नये. मातीचा थर चाकांना बसत जातो आणि गाडी जागच्या जागी फिरते. फरशी पुलावरून पाणी वाहत असताना ओळखीचा रस्ता आहे म्हणून पुढे जाणे जिवावर बेतते; सप्टेंबर २०२५ मधील पुराने धाराशिव, बीड आणि लातूर जिल्ह्यांत ते सर्वांना दाखवून दिले आहे. गाडी पाण्यात बंद पडली तर ती पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. इंजिनात पाणी शिरून होणारे नुकसान साध्या सर्वसमावेशक विम्यात सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड असावी लागते. ती आहे की नाही, हे पावसाळ्यातील मुक्कामासाठी गाडी घेताना पॉलिसी उघडून पाहावे.

पाऊस ओसरला की साखर कारखान्यांचा गळीत हंगाम येतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रभर चालतात, मागे दिवा नसतो आणि उसाचे वाढे बाजूला रस्त्यापर्यंत लोंबत असतात. बालाघाटच्या चढणीवर ते जवळजवळ उभेच असतात. त्या काळात अंधार पडल्यानंतरचा प्रवास टाळता येईल तेवढा टाळावा; पहाटे लवकर निघणे त्यापेक्षा बरे.

समृद्धी महामार्गावर गाड्यांची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे, परंतु अनेक पिवळ्या पाटीच्या गाड्यांना ताशी ८० चा वेगनियंत्रक बसवलेला असतो. अशी गाडी डावीकडच्या लेनमध्येच ठेवावी. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळा लागतो, म्हणून ठरावीक अंतराने थांबावे.

सीमेपलीकडे जायचे असेल तर परवाना पाहावा. देगलूर, उदगीर आणि उमरग्याच्या माणसांना बीदर, कलबुर्गी किंवा निजामाबादला जाणे घरच्यासारखे वाटते. मात्र गाडीला अखिल भारतीय पर्यटक परवाना नसेल तर कर्नाटक किंवा तेलंगणात शिरताना तात्पुरता परवाना आणि कर भरावा लागतो. हैदराबादला उपचार चालू असतील तर हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा.

अपघात झाला तर आधी १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस, राष्ट्रीय महामार्गावर असल्यास १०३३. त्यानंतर मालकाला फोन करून विमा कंपनीला त्याच दिवशी कळवायला सांगावे. जागेवर आपसात मिटवून निघून जाण्याचा आग्रह भोवती जमलेली माणसे करतात. भाड्याच्या गाडीच्या बाबतीत तो मानू नये, कारण पंचनामा आणि छायाचित्रे नसतील तर पुढे खर्च कोणाचा हे ठरवायला काहीच आधार उरत नाही.

परत देताना

गाडी धुऊन, ठरल्याप्रमाणे इंधन भरून, पुन्हा उजेडातच परत द्यावी. पहिल्या दिवशीचे चित्रण उघडून त्याच क्रमाने मालकासोबत गाडीभोवती फिरावे. ई-चलान मालकाच्या मोबाइलवर जाते आणि कधीकधी उशिरा येते. त्यामुळे आपल्या ताब्यातील तारखांचे चलान आपण भरू आणि त्याआधीचे व नंतरचे मालक भरेल, असे ठरवून घेतलेले असले तर अनामत अडवून ठेवण्याचे कारण राहत नाही. ताबा किती वाजता घेतला आणि किती वाजता दिला, या दोन्ही वेळा, मीटरचा आकडा आणि अनामत परत मिळण्याची तारीख एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात, त्या कागदाचा फोटो काढावा आणि मगच किल्ली मालकाच्या हाती द्यावी.